कौसाबाई आणि वरच्यांचा नळ

कौसाबाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की बसण्याआधी नळ सोडून बघत. आमच्याकडे त्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. मी शिकवायचो त्या कॉलेजात त्या शिपाई होत्या. गठ्ठा टेबलावर ठेवून त्या सरळ बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला, धार बघितली आणि बंद केला. मग माझ्या बायकोला विचारलं, "कितव्या दिवशी येतं?"

"सहाव्या."

"आन् वरच्यांला?"

वर आमचे भाडेकरू राहतात. त्यांना पाणी कधी पोचतं याची आम्ही कधी चौकशी केली नव्हती. त्यांचं पाणी सोडायच्या-बंद करायच्या कॉकची चावी मात्र आमच्या दाराजवळच्या खुंटीवर लटकत होती. कौसाबाईंनी चावीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा नको म्हणाल्या.

माहेर देवगाव रंगारीचं. लग्नानंतर त्या बजाजनगरला आल्या. नवरा कंपनीत होता, तो आजारपणात लवकर गेला. पदरात एक मुलगी, संगीता. अकरा-अकरा महिन्यांचे करार करत मायलेकींनी सात घरं बदलली. "मालक सात, त्यांचे देव सात," त्या सांगत, "पर कॉकची चावी समद्यांच्याच उशाखाली." सातव्या घरी संगीताच्या बारावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळीच मालकाकडे पाहुणे उतरले आणि भाडेकरूंचं पाणी बंद झालं. कौसाबाई बादली घेऊन खाली गेल्या. मालक म्हणाले, "भाडं खोलीचं घेतो बाई, पाण्याचं नाही." पोरगी तोंड पुसून पेपरला गेली.

"त्या दिशी ठरवलं, सर. एकच खोली आसू द्या. पर तिचा नळ माझा."

घर बघायला त्या मला सोबत नेत, इंग्रजी वाचायला. एका गृहयोजनेच्या नावात दोन राजवाडे आणि एक परदेशी शहर होतं. फाटकाशी कारंजं उडत होतं. टाय लावलेला एक गृहस्थ नमुन्याच्या फ्लॅटमध्ये आम्हाला क्लबहाउसबद्दल सांगत होता. मी मान डोलावत होतो, कारण छताला इतके दिवे होते की मान डोलावल्याशिवाय राहवत नव्हतं. कौसाबाई न्हाणीघरात गेल्या. नळ फिरवला. थेंब नाही.

"मॅडम, हा सॅम्पल फ्लॅट आहे. इथे कनेक्शन नसतं."

"मग भाएर कारंजं कशाचं उडतंय?"

"ते डेकोरेशन आहे मॅडम."

"त्या डेकोरेशनातलं बादलीभर आत येऊ द्या की, माय!"

गुळगुळीत माहितीपत्रक त्यांनी नेलं आणि डाळीच्या डब्याखाली अंथरलं.

शेवटी बजाजनगरातच एक जुनं, दीड खोलीचं घर विकायला निघालं. मालकाने कौतुकाने टाकीचं झाकण उघडलं. टाकी काठोकाठ होती. टँकरची ओली चाकोरी अजून अंगणात होती.

"भरलेली नका दाखवू, भाऊ. भरताना दाखवा."

"गुरुवारी येतं पाणी. या."

गुरुवारी रजा टाकून त्या सकाळपासून पायरीवर बसल्या. पाणी आलं नाही. शुक्रवारीही नाही. मालक वैतागला. "बाई, घर घ्यायचंय की माझी परीक्षा घ्यायचीय?"

"दोन्ही."

शनिवारी दुपारी पाणी आलं. धार करंगळीएवढी. टाकी भरेपर्यंत कौसाबाई जागच्या हलल्या नाहीत. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "बारीक हाय, पर खरं हाय. घेते."

बँकेने कागदांसाठी त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्या जेवणाचा डबा घेऊन गेल्या. डबा बघितल्यावर साहेबांच्या लक्षात आलं की बाई आज संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. काम दुपारीच झालं.

पुढे त्यांनी वर एक खोली काढली आणि कंपनीतल्या एका जोडप्याला भाड्याने दिली. मी बघायला गेलो, तर मला खोलीऐवजी टाकीपाशी नेलं. "बघा सर, वरच्या नळीला कॉकच ठेवला नाय."

"अहो, उद्या कुठे गळलं तर?"

"गळलं तर प्लंबर बलवीन. पर पाव्हणे आले आन् माझंच डोकं फिरलं, तर कुणाला बलवू?"

घरमालक झाल्यावर माणूस बदलतो, हे मी आयुष्यभर तिरकसपणे म्हणत आलो. कौसाबाईंनी ते स्वतःबद्दल गृहीत धरलं आणि प्लंबरकडून बंदोबस्त करून घेतला. त्या दिवशी मी त्यांच्या बंदोबस्तावर खूप हसलो, घरी आलो आणि खुंटीवर पिशवी अडकवली. चावीच्या शेजारी.

गेल्या उन्हाळ्यात कौसाबाई गेल्या. संगीताला भेटायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती नाक पुसत जुन्या गोष्टी सांगत होती आणि वर कुणीतरी धो धो बादली भरत होतं. पाणी तर सहा दिवसांनी एकदा येणारं. तरी संगीताने एकदाही वर पाहिलं नाही.

घरी येऊन मी खुंटीवरची चावी काढली आणि जिना चढलो. भाडेकरूने दार उघडलं. मला चावीसकट दारात बघून त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं, सर? घर खाली करायचंय का?"

"नाही. ही तुमची चावी. तुमच्याकडेच ठेवा."

सहा वर्षं हा माणूस माझ्या डोक्यावर राहतोय. त्याने चावी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि अदबीने विचारलं, "परत कधी आणून देऊ, सर?"