काचा कुणी बघायच्या

कारखान्यात त्यांचं काम सुटे भाग तपासण्याचं. भाग हातात फिरवायचा, माप लावायचं, पास किंवा नापास. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे तपासनीसच म्हणत. डॉक्टर निवडायचा असो की भाड्याची खोली, माणसं आधी त्यांच्याकडे येत. मेहुणा तर चारचौघांत सांगायचा, "आमच्या ताईला बघायला आले तेव्हा भावजींनी आधी खुर्ची हलवून बघितली, मग ताईकडे बघितलं."

"खुर्ची डुगडुगत होती," तपासनीस म्हणायचे. ही थट्टा त्यांना मनातून आवडायची.

बायको घरीच शिवणकाम करायची. कापडावर खडूची रेघ ओढायलाही ती फारशी थांबत नसे. तिची कात्री एकदा चालायला लागली की पलीकडच्या खोलीतल्या माणसालाही कळावं, आज हात लागलाय. त्याच उजव्या हाताला कोपराच्या खाली गाठ आली आणि बघता बघता लिंबाएवढी झाली.

सर्जननं तुकडा काढून तपासायला पाठवला. छोट्या लॅबच्या डॉक्टरनं प्रामाणिकपणे लिहिलं, कॅन्सर वाटतो, पण खात्रीनं सांगता येत नाही. सर्जन म्हणाला, "त्या तुकड्याच्या काचा, म्हणजे स्लाइड्स, मोठ्या हॉस्पिटलातल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना दाखवा. असल्या गाठींत त्यांची नजर बसलीय. दुसऱ्या कुणाच्या नादी लागू नका."

तपासनीस कामाला लागले. विमा कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, त्या हॉस्पिटलात दाखल झालात तर विमा चालेल, नुसत्या काचा दाखवायच्या तर नाही. तेवढ्यावर ते अडले नसते. पण मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर बाईंचं नाव टाकलं, तर नोंदच निघेना. पुन्हा टाकलं. निघेना.

"अहो, मग त्यांनाच फोन करून विचारा ना," बायको म्हणाली.

"चोरालाच विचारायचं, बाबा रे, चोरी केलीस का?"

"बाई आहेत त्या. आणि चोर कशावरून?"

"नोंद नाही यावरून," तपासनीस म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला. त्यांच्या घरात नापास झालेली वस्तू पुन्हा टेबलावर येत नसे.

त्यांनी दुसरे पॅथॉलॉजिस्ट शोधले. पदवी चोख, नोंदणी चालू, विम्याच्या यादीत नाव. माणूस सभ्य, स्वतः दारापर्यंत सोडायला आला. तपासनिसांनी त्यांना सगळं विचारलं. असल्या गाठी तुम्ही कधी बघितल्या आहेत का, एवढं मात्र विचारायचं राहिलं. ते कुठल्या कागदावर मिळत नव्हतं, म्हणून सुचलंच नाही.

रिपोर्ट आला, कॅन्सर. सर्जननं विचारलं, "बाईंनीच बघितलं ना?"

"चांगल्याच माणसाकडून करून घेतलंय," तपासनीस म्हणाले.

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. सर्जनच्या टेबलापुढे रांग होती. त्यानं मान डोलावली आणि ऑपरेशनचा दिवस ठरला. गाठीबरोबर भोवतीचा पुष्कळ स्नायू काढावा लागला.

पुढे किरणांचे उपचार घ्यायचे होते, ते त्याच मोठ्या हॉस्पिटलात. तिथली पद्धत अशी की आपल्या पॅथॉलॉजिस्टनं काचा बघितल्याशिवाय उपचार सुरू करायचे नाहीत. अशा रीतीनं काचा शेवटी त्याच बाईंच्या टेबलावर गेल्या, आणि बाईंनी दोघांना बोलावून घेतलं.

तळमजल्यावरची अरुंद खोली. खिडकीला जाळी, टेबलावर सूक्ष्मदर्शक, शेजारी गार झालेला चहा. सवयीनं तपासनिसांची नजर आधी भिंतीवरच्या पदवीकडे गेली. नाव बाईंचंच होतं, आडनाव वेगळं. माहेरचं. त्यांनी आयुष्यभर नोंदणीही त्याच नावानं ठेवली होती.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "ही गाठ भराभर वाढते, काचेखाली भयंकर दिसते, पण निरुपद्रवी असते. बऱ्याचदा आपोआप जिरतेसुद्धा. ओळखायला अवघड असते, चांगले चांगले फसतात. किरणांची गरज नाही."

"म्हणजे मी बरी आहे?" बायकोनं विचारलं.

"तुम्ही आजारी नव्हतातच," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर तिच्या हातावर गेली.

तपासनीस म्हणाले, "आम्ही आधी तुमच्याकडेच येणार होतो."

"मग आला का नाहीत?"

बायकोनं सांगितलं, "यांना तुमचं नाव सापडलं नाही."

"फोन करायचात. मी इथेच असते."

बायको यावर काहीच बोलली नाही. जिन्यात नाही, रिक्षात नाही, घरी आल्यावरही नाही. किरणांची गरज नाही, एवढंच कळून मेहुणा आनंदानं धावत आला. "ताई, सुटलीस," म्हणाला, आणि ती हसली. खरंच सुटली होती. जिवावरचं बोटावर निभावलं, असं शेजारीपाजारी म्हणत. तपासनिसांना ते ऐकवत नसे. जिवावरचं नव्हतंच काही, हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

मूठ आता पूर्ण मिटत नाही. सुई कशीबशी धरता येते, मशीन चालतं, कात्री मात्र चालत नाही. घेतलेली कामं पुरी करायची म्हणून कापायचं काम तपासनिसांनी अंगावर घेतलंय. ती डाव्या हातानं खुणा करते, ते कापतात. कात्री अडखळते, कड दातेरी होते.

तिनं एकदा चांगलं सुनावावं, असं त्यांना फार वाटतं. मी म्हणत होते ना, एवढं जरी म्हणाली तरी चालेल. एकदा त्यांनीच विषय काढला. "त्या दिवशी तुझं ऐकून फोन केला असता तर..."

ती कापडावर वाकलेली होती. तिनं बोट रेघेच्या वळणावर ठेवलं.

"इथून डावीकडे घ्या," ती म्हणाली. "आणि हळू. हे कापड दुसऱ्याचं आहे."