हर्सूलचा बोल्ट, औरंगपुऱ्याचा पलंग

पहिलंच सांगून टाकते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझ्या माहेरी कुणाच्या अंगात आलं की आजोबा आधी त्याला जेवायला वाढायचे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानंच ते उतरायचं! मी त्या घरातली. इथं लोक लिहून पाठवतात ते असले अनुभव मी आवडीनं वाचते, आणि वाचून झाले की मनातल्या मनात कारण शोधून मोकळी होते. मांजर असेल, वारा असेल, ताप असेल... पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या या दोन हातांत जे घडलं, त्यासाठी मला अजून मांजर सापडलेलं नाही.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो, हर्सूलला, तिसऱ्या मजल्यावर. मी एका चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर चष्म्याच्या काड्यांचे इवलेसे स्क्रू आवळायचे, त्यामुळं घरात काही डुगडुगलं की मला चैन पडत नाही. कपाटाची बिजागरी, कुकरची दांडी, नळाचा वॉशर — आमच्याकडं मिस्त्री येतच नाही. माझे मिस्टर, प्रशांत, खिळा ठोकायला गेले की आधी अंगठा ठोकतात, म्हणून ते सगळं खातं माझ्याकडं.

आता पलंगाचं सांगते. माझ्या सासऱ्यांनी फार पूर्वी एक जोडपलंग करून घेतला होता, एकाच सागाच्या खोडातून. दोन सुटे पलंग, मधून जोडले की एक मोठा. पायांना जाड नट-बोल्ट. सासरे गेले, पुढं आम्ही हर्सूलला वेगळे राहायला आलो, तेव्हा एक पलंग आमच्याकडं आला. दुसरा याच शहरात, औरंगपुऱ्यात, माझ्या थोरल्या दिरांच्या घरी राहिला. त्यावर आमच्या सासूबाई झोपतात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. पंचाहत्तरीच्या पुढच्या, गुडघे गेलेले, पण आवाज खणखणीत. माझ्या हातच्या भाजीत त्यांना कधी मीठ बरोबर लागलं नाही.

त्यात आणखी एक भानगड — दोघा भावांचं बोलणं बंद होतं. नात्यातल्या एका लग्नात टॉवेल-टोपीच्या मानावरून बिनसलं ते बिनसलंच. आम्ही जावा मात्र रोज दुपारी फोनवर. माझ्या जाऊबाईंना सगळे शकूताई म्हणतात. जालन्याचं माहेर, एकदम मोकळी बाई.

एका दुपारी शकूताई म्हणाल्या, "काय सांगू वर्षा, आत्याबाईचा पलंग लई कुरकुरायलाय. रात्रभर झोप नाय." मी म्हटलं, आमचाही कुरकुरतोय की! फोन ठेवला, पाना घेतला आणि आमच्या पलंगाच्या पायथ्याकडच्या डाव्या पायाचा बोल्ट आवळून टाकला. दुसऱ्या दिवशी शकूताई सांगतात, "अगं, आवाज आपोआप गेला!" मी हसले. योगायोग, दुसरं काय.

पुढं काही दिवसांनी मला वाटलं, बोल्टला नवा वॉशर घालावा. म्हणून तो सैल करायला घेतला. तेवढ्यात फोन. "वर्षा, आत्ता आत्याबाई पलंगावर बसल्या तर पाय डुगडुगला. सकाळी तर चांगला होता!"

मी विचारलं, "कोणता पाय?"

"पायथ्याचा. डावा."

माझ्या हातात पाना तसाच... आणि अंगावर सर्रकन काटा! म्हटलं, "ताई, व्हिडिओ कॉल लावा. मोबाइल बोल्टसमोर धरा. आणि काही झालं तरी हलवू नका."

मी इकडं पाना लावला. हळूच उजवीकडं फिरवला. तिकडून शकूताईंची किंकाळी! "फिरायलाय! अगं माय, फिरायलाय! कुणी हात नाय लावला!"

मी स्क्रीनवर पाहिलं. जुना, काळा पडलेला, षटकोनी डोक्याचा बोल्ट — हळूहळू स्वतःभोवती वळत होता. मी थांबले, तो थांबला. मी उलटा फिरवला, तो उलटा फिरला. ताई हसायला लागल्या, मग मी, मग दोघी इतक्या हसलो की डोळ्यांत पाणी. भीती? अजिबात नाही! शाळेत मधल्या सुट्टीत चिंचा चोरल्यावर जसं वाटायचं, तसं वाटत होतं. आत आत्याबाई ओरडत होत्या, "कामून खिदळायलीस गं? दूध उतू जाईन!"

आम्ही ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. शकूताई म्हणाल्या, "लोक येड्यात काढतील." मी दोन्हीकडचा बोल्ट इथूनच घट्ट आवळून दिला. त्यानंतर तो विषय आमच्या दुपारच्या गप्पांचा झाला. गुलमंडीतल्या साड्यांवरून सुरू व्हायचं आणि बोल्टवर संपायचं. पण इथून फिरवलं की तिथं फिरतं, एवढंच आम्हाला माहीत होतं. उलटंही होत असेल, हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

मग तो दिवस आला.

माझ्या दुकानाला सुट्टी होती. प्रशांतही घरी होते. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील, बाहेर ऊन रणरणत होतं. मी पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. खालून बारीक आवाज आला — कर्र... कर्र... मी वाकून पाहिलं.

पायथ्याचा डावा बोल्ट फिरत होता. आपला आपण. आणि सैल होण्याच्या दिशेनं!

मी बघतच राहिले. क्षणभर वाटलं, शकूताई तिकडं गंमत करतायत. फोन लावला. मागं गलका, बांगड्यांचे आवाज. "मी जालन्याला आलेय गं, भाचीच्या डोहाळजेवणाला. कामून?"

"घरी कोण आहे?"

"आत्याबाई एकट्याच. आज नळाला पाणी यायचंय ना, म्हणल्या मी भरते. हे दुकानावर हायेत. काय झालं?"

आमच्याकडं नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे काय, हे इथल्या माणसांना सांगायला नको. कितीतरी दिवसांनी एकदा येतं, कुणीतरी घरी थांबावंच लागतं. मी आत्याबाईंना फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. नाही. आणि शकूताईंच्या घरी पाण्याची मोठी पातेली, कळश्या कुठं ठेवतात, ते मला माहीत होतं. त्याच पलंगाखाली.

बोल्ट अर्ध्याहून जास्त बाहेर आला होता. मी जमिनीवर बसले, पाना बसवला आणि आवळायला जोर लावला. फिरेना! उलट पानाच माझ्या हातातून वळायला लागला. चष्म्याच्या स्क्रूंनी माझी बोटं चांगली पक्की झालीत, पण असा जोर मी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. दोन्ही हातांनी पकडला, गुडघा टेकवला, तेव्हा कुठं तो जागच्या जागी थांबला. थांबला, पण ओढ सुटली नाही. पलीकडून कुणीतरी दोर ओढावा, तशी.

"अहो! इकडं या! लवकर!"

प्रशांत धावत आले. "काय झालं? हात अडकला का?"

"भाऊजींना फोन करा. घरी जायला सांगा. आत्याबाई पलंगाखाली असतील."

"कुणाच्या पलंगाखाली? तू काय बोलायलीस?"

मी धापा टाकत, जमेल तसं सांगितलं. ते माझ्याकडं असे बघत होते, जणू मला ऊन लागलंय. "वर्षा, दोन वर्षं झाली मी दादाशी बोललो नाही. आता फोन करून काय सांगू? आमच्या पलंगाचा बोल्ट फिरतोय, म्हणून?"

"हात लावा," मी म्हटलं. "नुसता हात लावून बघा."

ते माझ्याशेजारी बसले आणि पान्यावर हात ठेवला. मी ते कधी विसरणार नाही... त्यांचा चेहरा एकदम उतरला. पाना त्यांच्या तळव्याखाली जिवंत असल्यासारखा ओढत होता. त्यांनी हात काढला, खिशातून मोबाइल काढला आणि नंबर लावला. शोधावा लागला नाही, पाठ होता.

"दादा," त्यांनी हाक मारली. मग म्हणाले, "घरी जा. आत्ताच्या आत्ता. आई... मला विचारू नको, जा फक्त!"

भाऊजींचं कापडाचं दुकान गुलमंडीत. तिथून घर जवळ, पण गर्दीतून वाट काढत जायचं. तेवढा वेळ मी पाना धरून बसले. प्रशांत मदतीला आले, पण दोघांचे हात एकदम बसेनात आणि अदलाबदल करताना बोल्ट झटकन एक आटा सुटला. मी ओरडले, "सोडा, सोडा, मलाच धरू द्या!" घाम डोळ्यांत जात होता. मनगटाला कळा लागल्या. आणि खरं सांगू? मला रडू येत नव्हतं, देव आठवत नव्हता. मला त्या बोल्टचा असा काही राग आला होता! मनात एकच — तू ओढ, मी बघते.

आणि अचानक ओढ गेली. इतकी अचानक, की मी मागं कोलमडले. पाना टण्णकन फरशीवर पडला. पाठोपाठ प्रशांतचा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

भाऊजी जोरजोरात श्वास घेत होते. "काढलं रे आईला... काढलं बाहेर. शेजारचे आले, उचलला पलंग. बसलीय आता. पाणी मागायलीय."

प्रशांत भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

आम्ही लगेच स्कूटरवर औरंगपुऱ्याला गेलो. प्रशांत उंबऱ्याशी घुटमळले. भाऊजींनी बघितलं आणि म्हणाले, "चप्पल आत काढ. बाहेर कुत्रं नेतं." झालं. दोन वर्षांचा अबोला तेवढ्यावर संपला.

आत्याबाईंची पाठ थोडी खरचटली होती, बाकी ठणठणीत. त्या मोठं पातेलं काढायला पलंगाखाली अर्ध्या शिरल्या होत्या. पातेलं अडकलं, त्यांनी हिसके दिले, ते पलंगाच्या पायावर आपटत राहिलं आणि तो पाय निखळायला लागला. सागाचा पलंग, वर जाड गादी आणि गोधड्यांचा ढीग. सगळं कलंडत त्यांच्या पाठीवर आलं आणि टेकता टेकता थांबलं. गुडघ्यांमुळं मागं सरकता येईना.

मी तो पाय बघितला. पलंग विटांवर टेकवून ठेवला होता. बोल्ट जवळजवळ पूर्ण बाहेर, अगदी शेवटच्या आट्यावर, आणि भोवतीचं लाकूड झिजून भुसा झालेला. भाऊजी म्हणाले, "एवढ्यावर एवढं वजन थांबलंच कसं?" आणि त्यांनी नुसतं बोट लावलं, तर तो बोल्ट खाली पडला.

मी तिथंच पाय दुरुस्त केला. लोखंडी पट्टी मारली, नवा लांब बोल्ट घातला. शकूताई जालन्याहून आल्यावर आम्ही पुन्हा व्हिडिओ कॉल लावून बघितलं. मी इकडं फिरवते, तिकडं ढिम्म. कितीदा करून बघितलं! काही नाही. आता तो फक्त एक पलंग आहे. बोल्ट बदलला म्हणून असेल? की सागाचंच काहीतरी होतं? प्रशांत त्या दिवसाबद्दल बोलतच नाहीत. मी विषय काढला की म्हणतात, "मी हात लावला होता, वर्षा. मला विचारू नको." तुमच्यापैकी कुणाला असं काही माहीत असेल तर जरूर लिहा. मी खरंच विचारतेय.

आत्याबाईंना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा मागितला. मला वाटलं, यांना पटलं नाही. मग मागच्या महिन्यात शकूताई त्यांना म्हणाल्या, "आत्याबाई, हा पलंग काढून टाकू. नवीन आणू, हलका, लोखंडी." मी तिथंच चहा गाळत होते.

आत्याबाईंनी पाय वर घेतले, गादीवर नीट बसल्या आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "कशाला? ती हाय की तिकडं धरायला."

मी धरलं होतं, हे खरं. कसं धरलं, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.