बसूचं मशीन चालू आहे

बसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका पावण्याशी जुन्या मोटारीच्या भावावरून वाद घालत होतो. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात मोटारी, स्टार्टर, पंपाचे सुटे भाग असा माल असतो आणि तिथं सकाळी माझा आवाज चढला नाही तर शेजारचे येऊन विचारतात, बरं नाही का म्हणून. फोन ठेवला आणि मी गप्प बसलो. पावण्याला वाटलं, मी भावावर अडून बसलोय. तो आपणहून वर चढला. मी तरी गप्प. तो आणखी चढला आणि मोटार घेऊन गेला. आयुष्यात तोंड न उघडता केलेला माझा तेवढा एकच सौदा. बसूला हे सांगितलं असतं तर तो टेबलावर हात आपटून हसला असता आणि म्हणाला असता, "मग आधीपासनंच गप बसायचं हुतं की."

बसू म्हणजे बसवराज. शिवाजी पेठेत त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि घर कसबा बावड्यात. मूळ घराणं सीमेवरचं, त्यामुळं घरात आईला सगळे अव्वा म्हणायचे. लिंगायत मंडळी. त्यांच्यात माणसाला बसवून मूठमाती देतात. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा कपाळभर विभूती लावलेला बसू मान किंचित खाली घालून बसला होता, अगदी मशीनसमोर बसायचा तसा… क्षणभर वाटलं, आता मान वर न करता मला म्हणेल, "सर्जा, उजेडातनं बाजूला हो."

नंतर पंधरा दिवसांनी कारखानदारांच्या एका मंडळानं शोकसभा घेतली. ज्या मंडळानं बसूला कधी सभासद करून घेतलं नाही, त्याच मंडळानं. हार घातलेला फोटो, उदबत्ती, समोर खुर्च्या. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "बसवराज म्हणजे जुगाडाचे बादशहा." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून उभा राहिलो, तर मागून कुणीतरी सदरा ओढून मला खाली बसवलं. त्या दिवशी बसलो. मी लिहिणारा माणूस नव्हे, पण आज हे उभा राहून बोलल्यासारखं लिहितोय. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं, आज चाललं तर चाललं, उद्या पडलं तर पडलं. बसूनं आयुष्यात वेळ मारून नेली नाही. उलट वेळ खाऊन लोकांना जेरीला आणलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या पंपाच्या मोटारीला तीन फेज लागतात. त्यातली एक गेली की मोटार नुसती गुरगुरते आणि जळते, आणि ऊस वाळत उभा राहतो. ती जळू नये म्हणून स्टार्टरमध्ये एक छोटा सर्किट बोर्ड बसवतात. फेज गेली की तो मोटार बंद करतो. त्याचं सर्किट बसूनं जुळवलं होतं, विकायचं काम माझं. बोर्ड म्हणजे एका अंगाला तांब्याचा पातळ थर चिकटवलेली पट्टी. नको तेवढं तांबं काढायचं, उरलेल्या रेषांतून वीज जाते. आम्ही ते तांबं रसायनानं खाऊन काढायचो, बसूच्या मोरीत. मोरीच्या फरशीला गंज चढल्यासारखे डाग पडले, वहिनींच्या स्टीलच्या परातीची चाळण झाली. बसूची बायको, महादेवी वहिनी, आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी ती भोकाची परात बसूसमोर ताट म्हणून ठेवली आणि तीत आमटी वाढली. आमटी खाली जमिनीवर. रसायन त्या दिवशी बंद झालं.

मग मी पुण्याला एका बोर्ड करणाऱ्याकडं गेलो. त्यानं चहा मागवला आणि सांगितलं की एवढ्या थोड्या मालासाठी त्याचं मशीन चालू होत नाही. वर हसून म्हणाला, "तुम्ही कोल्हापूरकर, तांबडा-पांढरा करा. बोर्डाचं आमच्यावर सोडा." मी चहा तसाच ठेवून निघालो. तसाच पेठेत बसूच्या दुकानात आलो आणि त्याला सांगितलं की आपल्याला मशीन करायचंय, त्या पुणेकराकडं आहे तसलं. बसूनं डोळ्यावरचं भिंग काढलं.

"त्याच्याकडं हाय तसलं कशाला?" तो म्हणाला. "त्याच्यापरास बारकं करू. आणि आपलं."

इथं एक सांगतो. बसू नम्र वगैरे अजिबात नव्हता. दुरुस्त केलेल्या प्रत्येक टीव्हीच्या आत तो खिळ्यानं स्वतःचं नाव कोरायचा, पुढं कुणी उघडला तर कळू दे कुणाचा हात लागलाय म्हणून. गिऱ्हाईक बोललं तर दुप्पट बोलायचा. आमचं जमलं ते त्यामुळंच. पण भंगार बाजारात मी त्याला दुकानाबाहेर उभा करायचो, कारण चांगली वस्तू दिसली की त्याचा चेहरा फुलायचा आणि भंगारवाल्याला भाव कळायचा. ऑफिसांतून टाकून दिलेले मोठे प्रिंटर मी तोंड वाकडं करून उचलायचो. त्यातल्या मोटारी बसूला हव्या असायच्या, पुढं-मागं पावला-पावलानं सरकणाऱ्या. एका क्लासनं टाकलेला जुना कॉम्प्युटर मिळाला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणारा. कोरायची मोटार मिळाली गुजरीत, साज घडवणाऱ्या कारागिराकडं. दागिने घासायला ते वरून टांगलेली मोटार वापरतात, तिचा लवचिक दांडा बसूनं मशीनच्या डोक्यात बसवला. टोकाला मोडका ड्रिल घासून सुईसारखा केलेला कटर. कॉम्प्युटर सांगेल तसा हा कटर डावी-उजवीकडं, पुढं-मागं, वर-खाली हलणार आणि तांब्यातून रेघा कोरणार. मोरी नको, परात नको.

कटरच्या जागी पेन बांधून बसूनं पहिल्यांदा गोल काढायला सांगितला. मशीननं बटाटा काढला. पुन्हा काढला, पुन्हा बटाटा. दिशा बदलताना सरकवणारा स्क्रू थोडा रिकामाच फिरायचा आणि मग ओढायचा, तेवढ्यात गोलाची वाट लागायची. मी त्याला म्हणालो, बटाटा तर बटाटा, पंपाला काय कळतंय. जुगाड म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला पाहिजे होतं, कारण जुगाड मला चालणार होता. बसूला नाही. त्याची कितीतरी आठवडे टीव्हीची दुरुस्ती पडून राहिली, गिऱ्हाइकं माझ्या दुकानात येऊन त्याच्या नावानं ओरडायला लागली. शेवटी त्यानं एका स्क्रूवर दोन नट घातले आणि मधे स्कूटरची स्प्रिंग दाबून बसवली, म्हणजे कुठल्याही दिशेला गेलं तरी एक नट घट्ट धरून असणार. गोल आला. बसूनं त्यावर रुपया ठेवला, रेघ कुठूनच बाहेर डोकावत नव्हती. मग तो कागद घेऊन तो अख्ख्या गल्लीत फिरला. तालमीतल्या पोरांनीसुद्धा तो गोल बघितलाय. त्यांना त्यात काय बघायचं ते कळलं नाही, पण बसूसमोर तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आता दसरा. आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. मशीनला कुंकू लागलं, झेंडू चढला. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर पहिला बोर्ड कोरायचा ठरला. अव्वांनी नारळ फोडला, कटर तांब्यावर उतरला आणि किंचाळत कोरू लागला. वहिनींनी कानात बोटं घातली. बोर्ड निघाला तो आरशासारखा, आणि अगदी आरशासारखाच उलटा. बोर्डाच्या एका अंगाला पार्ट बसतात, दुसऱ्या अंगाला तांबं असतं. नकाशा पार्टांच्या अंगानं काढलेला, तो तांब्याच्या अंगाला कोरताना पालटून घ्यावा लागतो. पूजेच्या गडबडीत ते राहिलं. पार्ट बसवायला गेलं तर डावं सगळं उजवीकडं. मी म्हणालो, टाक, दुसरा कोरू. उंबऱ्यात बसलेल्या अव्वा म्हणाल्या, "पयला नग हाय. त्यो टाकायचा न्हाई." त्यांच्या घरचा तो रिवाज. नवं जातं असो, चूल असो, पहिलं जे निघेल ते भंगारात जायचं नाही, त्यानं काम केलंच पाहिजे. बसूनं आईकडं बघितलं, बोर्डाकडं बघितलं. मग त्यानं पार्टांतल्या काळ्या चिपांचे पाय एकेक करून उलट्या बाजूला वाकवले आणि चिपा पाठीवर झोपवून बसवल्या. पोट वर, मेलेल्या झुरळासारख्या. माणूस उताणा झोपला की त्याचा उजवा हात डावीकडं जातो, तसं सगळं जागच्या जागी आलं. वीज दिली. चालला.

काही वर्षांनी याच मंडळानं यंत्रांचं प्रदर्शन भरवलं. आम्ही मशीन नेलं, शेजारी तो पहिला बोर्ड बसवलेला स्टार्टर आणि मोटार. मोठे स्टॉल आत, आणि आम्हाला जागा दिली पाण्याच्या पिंपाशेजारी. डोक्यावर पाटी: छंद विभाग. बसूनं पाटी दोनदा वाचली, तेव्हाच मला कळलं की त्याला लागलंय. परीक्षक म्हणून आलेल्यांत हेच अध्यक्ष होते, तेव्हा नुसते सभासद. त्यांनी उताण्या चिपा बघितल्या आणि बरोबरच्याला कोपर मारून म्हणाले, या मेल्यात वाटतं. मग बसूच्या पाठीवर थाप देऊन म्हणाले, भारी जुगाड आहे हं. माझा हात त्यांच्या कॉलरकडं निघालाच होता. बसूनं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं मोटार चालू केली आणि तिच्या एका फेजचा फ्यूज उपटून काढला. टक् करून बोर्डानं मोटार थांबवली.

"सायेब, आमची उताणी पडून काम करत्यात," बसू म्हणाला. "तुमची पालथी तरी करत्यात का बघा."

मागं पाणी प्यायला आलेले बावड्याचे, वडणग्याचे शेतकरी उभे होते. त्यांतला एक पुढं आला, हातातला ग्लास तसाच, आणि विचारलं, "पावणं, ह्ये आमच्या स्टार्टरात बसंल का?" त्यानंतर संध्याकाळपर्यंत पिंपाशी पाण्यासाठी रांग लागेना, आमच्यापाशी लागली. बक्षीस समारंभात आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. घरी आल्यावर बसूनं त्याची नीट घडी घातली आणि मशीनच्या टेबलाचा एक पाय हलायचा त्याच्याखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं. तेवढा उपयोग मात्र मी मान्य करतो.

त्या मशीनवर मग आमचे बोर्ड निघत राहिले, सुलटे. तो पहिला बोर्ड बसूच्या भावाच्या पंपावर गेला, नदीवर. अजून तिथं आहे. पुढं बसूच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड दवाखाना, हाताला सूज, बोटं थरथरायची. मशीन चालवायला नजरेपेक्षा बोटं लागतात, कारण कोरायच्या आधी कटर तांब्याला नेमका कुठं टेकतो ते ठरवावं लागतं. बसूची त्याची रीत होती. पतंगाच्या कागदाची चिंधी कटरखाली धरायची, ती हलवत कटर हळूहळू खाली आणायचा. "अडकला पायजे, फाटला न्हाई पायजे," हे त्याचं वाक्य. ज्या परातीवरून हे सगळं सुरू झालं त्या परातीच्या मालकिणीला त्यानं ते शिकवलं. तो खुर्चीत बसून सूचना द्यायचा, वहिनी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, दोघं दिवसभर भांडायचे. कागद फाटला की तो म्हणायचा, तुला आमटी तेवढी सांडाय येतीया. शेवटच्या महिन्यांत कागद फाटायचा बंद झाला होता. मग त्याला टोचायला काही मिळेना, आणि तो नुसता बघत बसायचा…

गेल्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला. गेलो तर दारात टेम्पो उभा आणि ओट्यावर अध्यक्ष. मशीन मंडळाच्या सभागृहात काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलंय, खाली पितळी पाटी, जुगाडातून जन्मलेलं कोल्हापूरचं यंत्र. भावाच्या पंपावरचा तो उताण्या चिपांचा बोर्डही हवा होता. मी म्हटलं, उसाला पाणी चालू आहे, जावा आणि पंपावरनं काढून आणा, पण जाताना एकटे जाऊ नका. मग पाटीवर आलो. जुगाड शब्द जाणार. त्यांनी काढला. बसूचं नाव मंडळाच्या नावाच्या वर येणार, आणि मोठं. बरं म्हणाले. मग मी म्हणालो, आता त्याखाली लिहा, की याला छंद विभागात बसवलं ती आमची चूक. अध्यक्ष घुटमळले. ते "बघू" म्हणाले आणि मला कळलं, आणखी जरा रेटलं की होणार. असला सौदा मी जन्मात केला नव्हता. तेवढ्यात वहिनी आतून दारात आल्या.

"भावजी, तुमी भाव कशाचा कराय लागलायसा?" त्या म्हणाल्या. "आत नग लागलाय. चालत्या मशीनला काच कशाला?"

मी गप्प. आयुष्यात दुसऱ्यांदा. अध्यक्षांनी समजूत काढली. हे नाव पुढच्या पिढ्यांना, वगैरे. काम संपलं की नेऊ, घाई नाही, असंही म्हणाले.

"संपलं की कळवते," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

टेम्पो रिकामा गेला. काम संपायचं नाही, हे अध्यक्षांना रस्त्यात कधीतरी कळलं असेल, नसेल तर आज इथं वाचून कळेल. मी आत गेलो. प्रमाणपत्र टेबलाच्या पायाखाली होतं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली. कोरून झालेला नग काढून वहिनींनी नवी पट्टी लावली, लाल पतंगाच्या कागदाची चिंधी फाडली आणि कटरखाली धरून हलवू लागल्या. कटर उतरत होता. मला बघायचं होतं म्हणून मी खिडकीशी सरकलो. कागद अडकला. फाटला नाही.

वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, उजेडातनं बाजूला व्हा."