काळ्या स्क्रीनवरचा कावळा

जठारपेठेतला शेखर घरूनच कॉम्प्युटरवर काम करायचा. हुशार माणूस, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! धाकट्या पौर्णिमानं मनानं लग्न केलं, तर सहा वर्षं बहिणीचं नाव घेतलं नाही, तिचे नंबरही ब्लॉक. आई मरताना म्हणाली, "शेखर, पौर्णिमाले घरी आन रे." यानं हूं की चूं केलं नाही. आई गेल्याचंही तिला कळवू दिलं नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दोन तास माणसं उन्हात ताटकळली. महादेवमामा कळवळून म्हणाले, "अबे, बोल ना, बहिणीले आनतो म्हून!" शेखरनं मान फिरवली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

ते मात्र त्याच्या मनाला लागलं. त्याच्याकडं हौसेचा एक प्रोग्राम होता. सकाळी टर्मिनलची, म्हणजे कमांड टाईप करायची काळी स्क्रीन उघडली की चिठ्ठी उचलावी तसा तो फोल्डरमधला एक पक्षी दाखवायचा. चित्र कसलं, साधी मजकुराची फाईल! रंगांचे आकडे आणि अर्धे अर्धे चौकोन, ओळीखाली ओळ. ते रंगले की मोर, पोपट, सातभाई. शेखरनं पांढऱ्या पानावर एक कावळा रंगवून, पान सोडून नुसता पक्षी त्यात टाकला. ठरवलं, हा आपणहून आला की पौर्णिमाला फोन. कमांडपुढं नाव टाईप केलं असतं तर तोच पक्षी लगेच आला असता. पण नाव घेऊन बोलवायचं कसं, कमीपणा ना!

मोर आला, पोपट आला, कावळा काही येईना. अधूनमधून दहा ओळींची नुसती काळी जागा उमटायची. बिघाड असेल, म्हणून तो पुढं जायचा. पण हळूहळू त्या जागेची त्याला भीती वाटायला लागली. तिथून कोणी तरी पाहून राहिलं, असं वाटायचं.

तीन महिन्यांनी एका सकाळी ऊन डोळ्यांवर आलं, म्हणून त्यानं स्क्रीन पांढरी केली आणि टर्मिनल उघडलं. समोर कावळा, काळाकुट्ट! काळ्यावर काळा दिसणार कसा? कावळा कधीचाच येत होता.

त्यानं घाईघाईनं फोन लावला. पौर्णिमाच्या नवऱ्यानं, किशोरनं उचलला.

"दादा? बाळंतपनात गेली ती. आज दहावा हाये. दोन तास झाले, कावळा शिवून नाई राहिला. तिचं काय राह्यलं असन, तुमाले मालूम हाये काय?"