सखाराममामांची बंदूक

मिरजेहून निघताना शेजारच्या काकूंनी जिन्यात अडवलंच. "एवढ्या उन्हाची कुठं निघालीस गं?" म्हटलं, आजोळी. कशाला, ते सांगितलं नाही. मामाला बंदुकीपायी पोलिसांनी बोलावलंय, ही काही जिन्यात उभं राहून सांगायची गोष्ट नव्हे.

माझं आजोळ म्हणजे परतूर तालुक्यातलं आष्टी. आईचे धाकटे भाऊ सखाराममामा तिथल्या एका आडतीवर (शेतमालाच्या दलालीची पेढी) जन्मभर राखणदार आहेत. आता पंचाहत्तरी उलटली तरी संध्याकाळी खांद्यावर बंदूक टाकून बाजाराला एक फेरी मारल्याशिवाय जेवत नाहीत. जुनी ठासणीची बंदूक, नळीच्या तोंडातून दारू भरतात त्यातली. सुट्टीला जायचे तेव्हा आम्ही पोरं त्या बंदुकीपासून चार हात लांबून चालायचो. बाजारात मामांना नावानं कुणी हाक मारत नाही. 'बंदूकवाले मामा' हेच नाव.

फोनवर मामा म्हणाले होते, "शालू, निवडनुकीचे दिवस हैत. कुन्या परमुलखातल्या ट्रकवाल्यानं माझा बंदुकीसंगट व्हिडिओ काढून सोडून देला. ठान्यातून बोलावनं आलंय. तू कायद्याची हैस, तू ये."

मी कायद्याची म्हणजे एवढीच, की वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करण्यात हयात गेली. तेवढ्यावर आजोळी मी अर्धी वकील आहे. मी पहिला प्रश्न विचारला, लायसन कुठाय? मामा म्हणाले, "लायसन न्हाई." विनापरवाना बंदूक म्हणजे काय, ते मी इतक्या वेळा टाइप केलंय की कलमं तोंडपाठ आहेत. या वयात मामा तुरुंगात, हे एकच चित्र घेऊन मी सोलापूरच्या गाडीत बसले.

सोलापूर, बीड, माजलगाव असं करत जायचं. माजलगाव सोडल्यावर बसनं मान टाकली. उतरून सगळे एका लिंबाच्या सावलीत बसलो. माझ्या शेजारच्या बाईनं फडकं सोडलं आणि न विचारता माझ्या हातावर धपाटं ठेवलं, वर ठेचा. मी नको नको म्हणतेय तर म्हणाली, "खा वो. तुमचं तोंड पाहून वाटून राह्यलं, सकाळधरनं काही खाल्लं न्हाई." खरंच खाल्लं नव्हतं. त्या धपाट्यानं मला जो धीर आला तो त्या बाईला कधी कळणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

दुसऱ्या बसनं गोदावरी ओलांडली. उन्हाळ्यात पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. मग दोन्ही अंगांना काळी रानं, बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं), आणि मधेच एखादी हिरवीगार मोसंबीची बाग. आष्टीच्या फाट्यावर मामा उभेच होते. काठी नव्हती, बंदूकही नव्हती. बंदुकीशिवाय मामा मी पहिल्यांदाच पाहिले आणि ते मला फार लहान दिसले.

संध्याकाळी मामींनी येसर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) घालून आमटी केली. ती ओरपून झाल्यावर अंगणात बाजेवर बसलो. मी माझी वकिली सुरू केली. कुणी दिली, कधी दिली, दारू कुठून आणता, शेवटचा बार कधी उडवला?

"कधीच न्हाई," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"उडत न्हाई ती. खोटी हाय."

मामा खालच्या आवाजात सांगायला लागले. आडतीचे जुने शेठ, म्हणजे आताच्या करीमशेठचे वडील, यांनी लायसनसाठी खूप खटपट केली. जमलं नाही. मग ते मामांना घेऊन जालन्याला एका लेथवाल्याकडे गेले. त्यानं भंगारातला भरीव लोखंडी गज घेतला, वरून नळीसारखा तासला, तोंडाशी बोटभर भोक पाडलं, मागं शिसवी दस्ता बसवला. "तिघांत शपथ झाली. शेठ गेले, लेथवाला गेला. आता मलाच म्हाईत. तुझ्या मामीला बी सांगितलं न्हाई."

मला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. "अहो मामा, मग सुटलात की. खोट्या बंदुकीला लायसन कुठलं? उद्या जाऊ, दाखवू, घरी येऊ."

मामा हसले नाहीत. "तुला तुरुंगाची भीती वाटून राह्यली, शालू. मला बाजाराची वाटती. उद्या ठान्यातून भायेर आलं की बंदूक खोटी हाय, मंग मी कोन? जन्मभर लोकायनं कुनाला सलाम केला?" मग म्हणाले, "त्यापरीस खरी हाय म्हनून सांगितलं तर? काय होईल? जाईन आत."

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडले आणि आतून मामींनी काय झालं म्हणून विचारलं. आम्ही दोघंही काही नाही म्हणालो.

सकाळी बंदूक गोधडीत गुंडाळून जीपमध्ये बसलो. निवडणुकीत उघडी नेली असती तर रस्त्यातच गोंधळ झाला असता. समोरच्या आजीबाईंनी गोधडीकडे पाहून विचारलं, "लेकराचं हाय का काही?" मामा म्हणाले, "पावडा हाय." फावडं गोधडीत कशाला, हे त्या बाईनं विचारलं नाही, पण सगळ्या वाटेनं ती आमच्याकडे कणव आल्यासारखी बघत होती.

ठाण्याच्या व्हरांड्यात पाचसहा शेतकरी खऱ्या बंदुका घेऊन बसले होते. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) हाकलायला लायसन घेतलेली ही मंडळी, निवडणूक होईपर्यंत हत्यारं जमा करायला आलेली. त्यांनी उठून मामांना जागा दिली. करीमशेठही मोटारसायकलवरून येऊन पोचले होते. पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी. मामा बाकावर बसले ते बसलेच. "तू जा आत. माझ्यासमोर नको."

मी आणि करीमशेठ आत गेलो. फौजदार मॅडम नगरकडच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. मी एका दमात सांगून टाकलं, की बंदूक नकली आहे. त्यांनी ऐकून घेतलं, पण बंदूक हातात घेतली ती भरलेली समजूनच. तोंड वाळूच्या बादलीकडे केलं, मग बारीक काडी आत घातली. बोटभर जाऊन अडकली.

"बघा, आत भरीव आहे," मी म्हटलं.

"काडी अडकली म्हणून मी नकली म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "गंजानं बुजली, कुणी शिसं ओतलं, तरी खरी बंदूक खरीच असते. साफ केली की उडते." त्यांनी टॉर्च धरला आणि मला बघायला बोलावलं. भोकाच्या तळाशी लेथच्या गोल गोल रेघा चमकत होत्या. "हे बुजलेलं नाही. हे पुढं कधी कोरलंच नाही." मग त्यांनी मागची बाजू तपासली. दारू पेटवायचं बारीक छिद्र नव्हतं. घोडा उघड्या लोखंडावर नुसता आपटत होता. शंका राहिली असती तर जप्त करून तपासणीला पाठवावी लागली असती, म्हणाल्या, आणि मग ती महिनोन् महिने आली नसती. आता शंका नाही. ही दिसायला बंदूक आहे, कायद्यानं नाही. "पण ही दाखवून कुणाला धमकावलं तर खोटी असली तरी गुन्हा होतो. आणि कुणी ही नळी आरपार कोरून चालती केली, तर ती खरी झाली. मग सुटका नाही. हे तुमच्या मामांना नीट सांगा."

मी हात जोडले. तेवढ्यात करीमशेठ म्हणाले, "मॅडम, एक विनंती हाय. भायेर हे बोलू नका."

"बाजाराला कळेल म्हणून?"

"बाजाराला म्हाईत हाय. सगळ्यायला. बिलकुल लहान पोरापर्यंत. फक्त मामायला म्हाईत न्हाई, की आमाला म्हाईत हाय."

मी शेठकडे वळले. त्यांनी सांगितलं ते असं. दसऱ्याला आडतीवर काट्याची, मापांची आणि मामांच्या बंदुकीची पूजा होते. एका वर्षी मामा तापानं पडले होते, म्हणून बंदूक धुवायचं काम हमालांनी घेतलं. एकानं आतूनही साफ व्हावी म्हणून तोंडातून पाणी ओतलं. खऱ्या नळीनं पेलाभर पाणी गिळलं असतं. ही चमचाभर पाण्यातच भरून वाहिली.

"हमाल एकमेकाकडं पाहून राह्यले. मी तवा जवान होतो. वडलायनं त्याच पाटावर सगळ्यायकडून वचन घेतलं. मॅडम, आमच्या आडतीवर चोरी झाली न्हाई ती काही बंदुकीमुळं न्हाई. हा मानूस जागा राह्यला, म्हनून. पर ती खांद्यावर असली की मामा ताठ चालतेत. आता म्हातारपनी ती काढून घ्यायची का?"

मॅडमनी टॉर्च बंद केला. मग बंदूक उचलून स्वतः बाहेर आल्या. मामा उभे राहिले. त्यांची मान ताठ होती, पण नजर बंदुकीवरून हलत नव्हती.

"सखाराममामा," मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी स्वतः तपासली. माझा काही आक्षेप नाही. निवडणूक होईपर्यंत घराबाहेर काढायची नाही, कुणावर रोखायची नाही आणि हिच्यात काडीचाही बदल करायचा नाही. केलात तर मी पहिली येईन."

एक शब्द खोटा नव्हता आणि एक शब्द जास्त नव्हता. त्या पोरीला मी मनातल्या मनात औक्षण केलं.

मामांनी दोन्ही हातांनी बंदूक घेतली. व्हरांड्यातला एक शेतकरी म्हणाला, "मामा, तुमची वापस देली? आमच्या तर ठेवून घेऊन राह्यले. वट हाय बुवा तुमचा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी पदर तोंडाला लावला. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी मामा हट्टानं मला राजूरच्या गणपतीला घेऊन गेले. वाटेत जालन्याला मोसंबीचा रस प्यालो. भंगारानं भरलेले ट्रक लोखंडाच्या कारखान्यांकडे चालले होते. मामांनी एका गल्लीकडे बोट करून इथंच कुठंतरी तो लेथ होता असं सांगितलं. राजूरला उन्हामुळं गर्दी बेताची होती. गणपतीपुढं मामा बराच वेळ डोकं टेकून राहिले. बाहेर येऊन माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "इज्जत राखली देवानं. कुनालाच कळलं न्हाई."

"नाही कळलं," मी म्हटलं. वकिलांकडे जन्म घालवून एवढं तरी यायला हवंच.

परतीच्या गाडीत मी ऋण मोजत बसले. धपाटंवाली बाई, मॅडम, करीमशेठ, ते व्हरांड्यातले शेतकरी. मी निघाले होते मामांना वाचवायला. तिथं अख्खा बाजार ते काम माझ्या कितीतरी आधीपासून करत होता, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. मी आजोळी जन्मभर गेले आणि हे गाव मला आत्ता कळलं.

दसऱ्याला करीमशेठच्या नातवानं फोनवर व्हिडिओ पाठवला. आडतीसमोर पाट मांडलाय, काटा आणि मापं झेंडूत बुडालीत. मामा नवा फेटा बांधून ताठ उभे आहेत. दोन हमाल बंदूक धुतायत. एकजण तांब्यानं वरून पाणी सोडतोय, आणि दुसऱ्यानं नळीच्या तोंडावर तळहात घट्ट धरलाय.