टेकाडावर या, मग दिसेल

साताऱ्याहून निघताना मोटरहोममधला (आमच्या भाड्याच्या फिरत्या घरातला) टीव्ही इतका झकास चालत होता, की मी नवऱ्याला म्हटलं, "विलास, आज सामना घरच्यासारखाच बघायचा." आमची तन्वी त्या दिवशी दिल्लीत खो-खोचा अंतिम सामना खेळणार होती. तो कुठल्याच वाहिनीवर नव्हता, फक्त एका ॲपवर थेट दिसणार होता. नाशिकहून सांगलीपर्यंतची आमची सहल आधीच ठरलेली होती, आणि गाडी भाड्यानं देणाऱ्याच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वाटेत कुठेही थेट प्रक्षेपण'. त्या 'कुठेही'वर मी विसंबले.

रहिमतपूरपर्यंत सगळं ठीक होतं. दोन्ही अंगांना ऊस, मध्येच आल्याची हिरवीगार शेतं. पुसेसावळीला चहा घेतला आणि विट्याच्या दिशेनं निघालो. पुढं माळ लागला, डोंगरांवर पवनचक्क्या फिरू लागल्या, आणि टीव्हीवर नुसतं गोल चक्र फिरू लागलं. सामना सुरू व्हायची वेळ झाली होती.

फोनवर एक काडी दिसली तशी मी मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. गोड आवाजातली मुलगी म्हणाली, "मॅडम, आपल्या परिसरात आमचं नेटवर्क उत्तम आहे." आणि फोन तुटला! डोंगराच्या माथ्यावर एवढ्या पवनचक्क्या उभ्या राहतात, मग इथल्या लोकांसाठी एक टॉवर उभा राहत नाही? लेकीचा सामना हुकतोय म्हणून मी गाडीतून उतरून रस्त्यावरच तावातावानं बोलत होते.

डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई थांबली. तिचं नाव वनिता.

"आवं ताई, हितं कुटलं नेट?" ती म्हणाली. "त्या टेकाडावर (छोट्या टेकडीवर) या. आमी समदी तितंच जातो."

तिनं भारा रस्त्यालगतच्या आपल्या घराच्या दारात टाकला आणि आम्हाला घेऊन चढू लागली. वर पाच-सहा माणसं आपापली जागा धरून उभी होती. फौजेतून निवृत्त झालेले एक आजोबा फोन उंच धरून बँकेच्या ओटीपीची वाट पाहत होते. माझ्या फोनला तिथंही काही मिळेना. वनितानं आपला फोन माझ्या हातात दिला. "माझं कार्ड चालतंय हितं. बघा लेकीचा खेळ."

शेवटची काही मिनिटं उरली होती. तन्वी दिसली! खांबाजवळून वळली, तिनं सूर मारला, आणि चित्र थिजलं. माझी लेक हवेत, हात पुढं, आणि त्या हाताला समोरची मुलगी लागली की नाही हे सांगायला कुणी तयार नाही.

"हल की रं!" आजोबा माझ्या हातातल्या फोनवर ओरडले.

चित्र हललं नाही. थोड्या वेळानं वनिताच्या कार्डावरूनच मी तन्वीला फोन लावला. "आई, जिंकलो! तो शेवटचा सूर पाहिलास ना?"

"अर्धाच पाहिला गं," मी म्हणाले आणि मला रडू आलं. आनंदाचं होतंच, पण त्यात संताप जास्त होता.

मग वनितानं नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तो कोईमतूरला गलाईचं (सोनं वितळवून शुद्ध करण्याचं) दुकान चालवतो. त्याचा पहिलाच प्रश्न, "आई कुटं हाय?"

"आत्तीचं (सासूबाईंचं) गुडघं लय दुखत्यात. टेकाड चढवत न्हाई आता."

दिवाळीपासून त्या माउलीनं लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं. मी विलासकडं पाहिलं. तो गाडीकडं निघाला.

वनिताच्या सासूबाईंना आम्ही मोटरहोममध्ये बसवलं आणि बैलगाडीच्या वाटेनं टेकाडावर घेतलं. अर्ध्यावर मागचं चाक मुरमात रुतलं. आजोबांसकट सगळ्यांनी गाडी ढकलली. वर पोचल्यावर विलासनं वनिताचा फोन वायरनं टीव्हीला जोडला आणि तिनं कोईमतूरला पुन्हा व्हिडिओ कॉल लावला. एवढा मोठा लेक समोर पाहून सासूबाई उठल्या आणि पडद्यावरच्या त्याच्या गालावरून हात फिरवू लागल्या.

"लय वाळलास रं."

"न्हाई गं आई. तू जेवतीस न्हवं येळंवर?"

उत्तर द्यायच्या आत चित्र गेलं, मग आवाजही गेला. सासूबाई त्या काळ्या पडद्यासमोर बसूनच राहिल्या. वनितानं आम्हाला शाळूची भाकरी आणि खर्डा बांधून दिला.

विट्यात शिरताच फोनला पुन्हा जीव आला. माधवनगरला भडंग घ्यायला थांबलो, तेव्हा नेटवर्क भरभरून होतं आणि टीव्हीवर मोबाइल कंपनीचीच जाहिरात लागली. डोंगरातली म्हातारी नातवाशी फोनवर हसत बोलते आहे. चित्र इतकं स्वच्छ, की तिच्या सुरकुत्या मोजाव्यात. मी टीव्ही बंद केला. सांगलीत कृष्णेच्या घाटावर बसून आम्ही वनितानं दिलेली भाकरी सोडून खाल्ली.

नाशिकला परतल्यावर गाडीच्या मालकाला 'कुठेही' हा शब्द काढायला लावला. तो म्हणाला, "लोक हौसेनं वाचतात हो ते." मोबाइल कंपनीकडं त्या गावाच्या नावानिशी तक्रार केली. काही दिवसांनी संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण करण्यात आले आहे.'

मी लगेच वनिताला फोन लावला. ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर होती.

संध्याकाळी तिचाच फोन आला. वाऱ्याचा आवाज इतका, की शब्द नीट कळेनात.

"टॉवर आला का गं?" मी ओरडून विचारलं.

"कुटला टॉवर, ताई? टेकाडावरनंच बोलतीया."

"आणि सासूबाई?"

"हितंच हायत की. दीर आल्यात गावाकडं, त्येंनीच पाठुंगळी घेऊन आणलं."