मागच्या सीटवरचा ब्रेक

सोलांजच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं ती जोडसायकलीच्या मागच्या सीटवर होती. पुढं नवरा फेर्नां, मागं ही. तो ओरियाक शहराच्या पोस्टात टपाल वाटायचा, ती शाळेच्या भटारखान्यात बटाटे सोलायची. पोस्टमनला सुट्टीत तरी सायकल नको वाटावी, पण या गड्याचं सगळं उलटं. ऑगस्ट लागला की पिशव्या बांधायच्या आणि एकामागून एक खिंडी चढत सुटायचं.

शाळेतल्या बायका विचारायच्या, "काय काय बघितलंस गं यंदा?"

"त्याची मान," ती सांगायची. "मानंवर तीळ हाय एक. दरसाल मोठा हुतोय."

मागच्याला हँडल असतं, पण ते वळत नाही. गिअर पुढच्याकडं, घंटी पुढच्याकडं, वाटही पुढच्याचीच. मागच्याच्या हातात एकच गोष्ट असते, ड्रमचा ब्रेक. लांब उतारावर पुढच्याच्या ब्रेकनं चाकाची कड तापून ट्यूब फुटू नये म्हणून तो बेताबेतानं आवळायचा. तोही पुढून हुकूम आल्यावर. फेर्नां "धर!" म्हणाला की धरायचा, "सोड!" म्हणाला की सोडायचा. सोलांजनं तो आजवर आपल्या मनानं एकदाही धरला नव्हता.

लास्कोंब तिचं माहेर. एका खिंडीपलीकडच्या उताराला तीसेक घरं, त्यातली निम्मी कुलपात. तिथं तिची थोरली बहीण युगेत राहायची, एकटीच, बिनलग्नाची, चार तांबड्या गाई सांभाळून. एकोणसत्तर साली तिच्याकडं जेवायला बसले असताना युगेत तोंडावर बोलली, "फेर्नां, माझ्या भैनीला तू बैलावानी जुपलीस बघ. बैलाला निदान दिस बुडताना तरी सोडत्यात."

फेर्नांनं आपला चाकू पावाला पुसला, मिटला, खिशात घातला आणि चीज यायच्या आधी पानावरून उठला. त्या डोंगरात चीजच्या आधी उठणं म्हणजे यजमानाच्या थोबाडीत मारणंच.

त्यानंतर तो त्या घरी थांबला नाही. उतार मात्र सोडला नाही. उतार झकास होता, त्यानं काय घोडं मारलं होतं? कोणत्या दिवशी येणार ते सोलांज पत्रानं कळवायची. युगेत धुण्याच्या हौदापाशी हात वर करून उभी असायची. सोलांजनं "युगेत!" म्हणून साद घालेपर्यंत हौद मागं पडलेला. दोघी बहिणींची वर्षातली भेट तेवढीच. नव्या वर्षाला एक कार्ड इकडून, एक तिकडून.

मग दोन ऑगस्ट असे गेले की हौदापाशी कोणी नव्हतं. कार्डं थांबली. सोलांजनं चार पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. युगेतकडं फोन नव्हता, सोलांजला मोटार येत नव्हती.

"रुसली आसंल," फेर्नां म्हणायचा. "तुमच्या घरात रुसायची रीतच हाय."

अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टात खिंडीच्या माथ्यावर बसून पाव आणि सुकं सॉसेज खाताना तिनं विषय काढला.

"आज लास्कोंबला थांबू या."

"उतारात कोन थांबतं? समदा येग मोडतोय."

"धा मिन्टं, फेर्नां. तू भाईरच बस."

"आन तिनं पुन्ना बैल काढला मंजी?" तो हसला, तुकडे झटकून उठला. "चल. ढग आल्यात."

निघाले. वळणामागून वळण गेलं. "धर!" तिनं धरला. "सोड!" तिनं सोडला. मग हौद दिसला. रिकामा. सोलांजनं दोन्ही हातांनी ब्रेक आवळला.

मागचं चाक फरफटलं. फेर्नां बोंबलला, "सोड! अगं सोड, भवाने, मारतीस काय!" तिनं सोडला नाही. गावाच्या शेवटच्या भिंतीपाशी सायकल थांबली तेव्हा ड्रमचा जळका वास सुटला होता. ती उतरली आणि त्याच्याकडं न बघता मागं चालू लागली.

घराच्या खिडक्या बंद, दारात कमरेएवढी खाजकुयली. शेजारच्या पायरीवर म्हातारी देल्मामावशी घेवडा सोलत बसली होती.

"सोलांज न्हवं तू? दोन वर्सांनी तोंड दावतीस व्हय गं!"

"मावशे, युगेत कुटं हाय?"

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुटं मंजी? चर्चच्या मागं, मातीत. शाऐंशीच्या मे म्हैन्यात गेली की. गोठ्यात पडली ती उठलीच न्हाई."

"मला कुनी कळिवलं न्हाई."

"कळिवलं न्हाई? अगं गावच्या मेयरनं माज्या म्होरं फोन लावला! तुज्या पोस्टमननंच उचलला की. म्हनला, बायकू आजारी हाय, जमायचं न्हाई, फुलं धाडतो. फुलं बी आली न्हाईत. आन तुजी पत्रं आमच्या पोस्टमननं शिक्का मारून माघारी धाडली, चारी."

माघारी आलेली पत्रं ओरियाकला कोणाच्या हातात पडली असतील, हे सोलांजला कोणी सांगायला नको होतं.

फेर्नां सायकल ढकलत येऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"माती बुधवारची हुती," तो म्हणाला. "गुरवारी असेन्शनच्या सणाची सुट्टी. आपलं ठरल्यालं, खोल्या सांगितल्याल्या. तू रडत बसली आसतीस. गेलेल्या मानसाला काय फरक पडतोय?"

ती सुट्टी सोलांजला चांगली आठवत होती. दोर्दोन्य नदीच्या काठानं चार दिवस. त्यानं तिला ट्राउट मासा खाऊ घातला होता, दमलीस का म्हणून तीनतीनदा विचारलं होतं. इतका जीव त्यानं कधी लावला नव्हता. शाळेतल्या बायकांना ती वर्षभर त्याच्या गोष्टी सांगत होती.

ती चर्चमागं गेली. लोखंडी क्रूस होता, त्यावर नाव नव्हतं. देल्मामावशी मागून म्हणाली, "नाव घरच्यांनी घालायचं आसतंय. आमी वाट बघितली."

सोलांज गुडघे टेकून बसली. तेवढ्यात मागं पाण्याचा आवाज झाला. गावात कुठं नळ नसला तरी स्मशानात असतो, हे सायकलवाल्यांना पक्कं माहीत असतं. फेर्नां दोन्ही बाटल्या भरून घेत होता.

बस थेट सोमवारी होती. मावशी म्हणाली, "ऱ्हा माज्याकडं." पण सोमवारी सकाळीच शाळेच्या भटारखान्याची साफसफाई लागणार होती, आणि सत्तावीस वर्षांची सवय पायांत असते. ती मागं जाऊन बसली.

पुढच्या खिंडीला चढ लागला. जोडसायकलीचे पायडल साखळीनं एकमेकांना बांधलेले. पुढचे फिरले की मागचे आपोआप फिरतात, जोर लावा नाहीतर नुसते पाय ठेवा. सोलांजनं नुसते पाय ठेवले.

अर्ध्या चढात फेर्नांच्या छातीचा भाता झाला. "ढकलतीस न्हवं?"

"ढकलतीया की."

"मग जड का लागतंय?"

"वय झालं रं तुजं."

तीन ऑगस्ट असेच गेले. चढ आला की तो विचारायचा, ती तेच उत्तर द्यायची. तो डॉक्टरकडं जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, काळीज पोरसवदा गड्याचं आहे. त्यानं साखळी बदलली, गिअर बदलले, पिशव्या हलक्या केल्या. रात्री पाय चोळत बसायचा. तिनं एकदाही तेल लावून दिलं नाही.

चौथ्या ऑगस्टात सायकल कोठीतून बाहेर निघाली नाही. कॅफेत दोघं बसले असताना मित्रांनी विचारलं तेव्हा फेर्नां ग्लास खाली ठेवत म्हणाला, "काय करणार! सोलांजला आता झेपत न्हाई. तिच्यापायी सोडलं."

सगळे तिच्याकडं वळले. "व्हय का गं?"

"व्हय," ती म्हणाली. "मीच थकले."